सेकंदाच्या आतला सेकंद

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापल्या क्षेत्रातले काही लिहावे, असे ठरले. माझे क्षेत्र मोजमापाचे. पिंपरी-भोसरी-चाकण पट्ट्यात तीस वर्षे मायक्रोमीटर आणि स्लिप गेज हाताळण्यात गेली. आमच्या खात्यात नव्या मुलाला पहिला नियम सांगतात : जे मोजायचे, त्याहून मोजायचे साधन बारीक हवे. २०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल ज्या कामाला मिळाले, त्याचा इतिहास वाचताना हाच नियम मला पुन्हा पुन्हा आठवत होता.

१९६० मध्ये पहिला लेसर पेटला. पुढच्या पंचवीस वर्षांत त्याचे स्पंद आखूड होत होत फेम्टोसेकंदांवर आले. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश. इतके जलद घड्याळ कुठेच नव्हते. मग एका स्पंदाचे दोन भाग करून एकाला थोड्या लांबच्या वाटेने पाठवायचे आणि दोघे एकमेकांवर किती पडतात ते पाहायचे, अशी युक्ती निघाली. आरसा ०.०१ मिलिमीटर मागे सरकवला की जाऊन-येऊन ०.०२ मिलिमीटर वाट वाढते आणि प्रकाशाला सुमारे ६७ फेम्टोसेकंद उशीर होतो. काळ मोजायला शेवटी लांबीच कामी आली!

१९८७ मध्ये फ्रान्समध्ये अ‍ॅन लुइलिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरक्त लेसर विरळ वायूतून सोडला. मूळ कंप्रतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा चढत्या कंप्रतांचा प्रकाश बाहेर आला. तो थेट अतिनीलाच्या टोकापर्यंत पोहोचत होता. हे सारे सूर एका लयीत असतील, तर त्यांच्या बेरजेतून अ‍ॅटोसेकंदांचे स्पंद मिळायला हवेत. फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग म्हणजे अ‍ॅटोसेकंद. विश्व जन्मल्यापासून जितके सेकंद उलटले, त्याच्या दुपटीहून जास्त अ‍ॅटोसेकंद एका सेकंदात मावतात.

पण ‘एका लयीत असतील तर’ ही अट मोठी होती. आपल्या लेझीम पथकाचे आठवा. सगळ्यांचा ठोका एकदम पडला तर एकच खणखणीत आवाज, नाहीतर नुसता गलका. प्रकाशाच्या या सुसंगततेचा पुरावा मिळेना. टोकाचा अतिनील प्रकाश हवेत आणि काचेत शोषला जातो, म्हणून सारा प्रयोग निर्वातात. शिवाय तो इतका क्षीण, की आरशाची जुनी युक्ती चालेना. चौदा वर्षे गेली.

२००१ मध्ये पिएर अगोस्टिनी यांच्या गटाने मार्ग काढला. अतिनील प्रकाशाबरोबर मूळ अवरक्त प्रकाशाचा थोडा भाग, उशीर बदलत बदलत, वायूवर सोडला. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या त्या उशिराबरोबर लयीत कमीजास्त होऊ लागली. शेजारच्या सुरांच्या प्रत्येक जोडीची ही लय ताडून पाहिली, की कोण पुढे, कोण मागे ते कळते. स्पंद निघाले २५० अ‍ॅटोसेकंदांचे. त्याच वर्षी व्हिएन्नात फेरेंक क्राउझ यांच्या गटाने ६५० अ‍ॅटोसेकंदांचा एकेकटा स्पंद मोजला.

गंमत अशी, की अवरक्त प्रकाशाची एक लाट या स्पंदांहून कितीतरी लांब असते. साधन बारीक नव्हतेच! दोन पट्ट्या शेजारी सरकवून त्यांचा मेळ कुठे बसतो ते त्यांनी वाचले. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण व्हर्नियर असाच वाचत होतो. मिलिमीटरच्या पट्टीवर मिलिमीटरचा दहावा भाग.

आपल्या जवळचे उदाहरणही आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने फेम्टोसेकंद लेसरच्या माऱ्याने निर्माण होणारी प्रचंड चुंबकीय क्षेत्रे मोजली. ती पिकोसेकंदांत बदलतात. ती टिपायलाही मागून उशिरा सोडलेला दुसरा स्पंदच लागतो.

नोबेल तिघांना मिळून मिळाले : एकीने प्रकाश दाखवला, दोघांनी तो मोजला. कारखान्यात आम्ही तपासणीचा कागद लागल्याशिवाय माल दाराबाहेर सोडत नाही. विज्ञानही सोडत नाही, मग त्यासाठी चौदा वर्षे थांबावे लागले तरी चालते.