चित्र, तसबीर, फोटो : रविवर्म्याच्या छापील देवता आणि मराठी घर

कलेच्या इतिहासात एखाद्या कृतीचे स्थान ठरविताना कलावंत, आश्रयदाता आणि समीक्षक या तिघांची साक्ष सामान्यतः ग्राह्य धरली जाते. ज्याने ती कृती विकत घेऊन घरात आणली आणि जन्मभर डोळ्यांसमोर ठेवली, त्याची साक्ष क्वचितच विचारात घेतली जाते. त्याने आपल्या आवडीविषयी काही लिहून ठेवलेले नसते, हे याचे उघड कारण होय. तथापि लेखन नसले तरी भाषा असते. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) याची छापील चित्रे मराठी माणसाला का प्रिय झाली, याचा बराचसा उलगडा त्या चित्रांसाठी रूढ झालेल्या शब्दांवरून होऊ शकतो.

प्रथम या चित्रांच्या प्रसाराची हकीकत पाहणे इष्ट आहे. रविवर्म्याने आपली चित्रे छापून लोकांपर्यंत पोहोचवावीत, ही सूचना सर टी. माधवराव यांनी इ. स. १८८४ मध्ये केली. माधवराव तंजावरकडील मराठी कुळातले. त्रावणकोर व पुढे बडोदे येथे त्यांनी दिवाणगिरी केली होती. त्यानंतर सयाजीराव गायकवाडांनी रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली आणि ती पाहण्यास लोकांची गर्दी लोटली. राजवाड्याबाहेरही या चित्रांना मागणी आहे, हे तेव्हा स्पष्ट झाले. इ. स. १८९४ मध्ये मुंबईस रविवर्म्याचा छापखाना निघाला. यंत्रे व तंत्रज्ञ जर्मनीचे होते. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगडावर आकृती उतरवून एकाच कागदावर रंगामागून रंग छापीत. इ. स. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची मालकी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे आली. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी काही काळ या छापखान्यासाठी काम केले होते.

मराठी घराची भिंत तत्पूर्वी अगदीच कोरी होती, असे मात्र नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी इ. स. १८७८ मध्ये पुण्यास काढलेल्या चित्रशाळेची शिळाछाप चित्रे घरोघर गेली होती. रविवर्म्याच्या देवतांनी आणले ते देहाचे भरीवपण व मुद्रेची जवळीक. त्याच्या अनेक पौराणिक नायिकांचे लुगडे मराठी पद्धतीने नेसलेले आहे. कमळावर उभी असलेली त्याची लक्ष्मी आणि वीणा घेऊन खडकावर बसलेली सरस्वती पाहताना घरातल्या स्त्रीला ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही.

आता शब्दांकडे वळू. छापील देवतेसाठी मराठीत प्रामुख्याने तीन शब्द वापरात आले : चित्र, तसबीर आणि फोटो. ‘चित्र’ हा संस्कृत. ‘तसबीर’ मूळ अरबी असून फारसीच्या द्वारे मराठीत आला. ‘फोटो’ इंग्रजीतून आला. तिन्हींनी निर्दिष्ट होणारी वस्तू एकच असू शकते. परंतु त्यांच्यासह येणारी क्रियापदे निराळी आहेत. चित्र मुख्यतः काढतात, रंगवितात, पाहतात. तसबीर टांगतात, पुसतात, तिला हार घालतात. पहिल्या शब्दाचे संबंध कलावंताच्या हाताशी, तर दुसऱ्याचे घरधन्याच्या हाताशी आहेत.

‘फोटो’ या शब्दाचा अर्थविस्तार अधिक लक्षणीय आहे. ज्या प्रतिमेशी कॅमेऱ्याचा काहीही संबंध नाही, तिलाही ‘देवाचा फोटो’ म्हणतात. काच व चौकट यांचे साम्य एवढेच कारण या विस्तारास पुरेसे आहे. त्यावरून देवता कॅमेऱ्यासमोर बसली होती, अशी कोणाची समजूत होती असे मानणे हास्यास्पद होईल. तरीही भिंतीवर शेजारी लावलेल्या दिवंगत आजोबांच्या प्रतिमेलाही तोच शब्द आहे आणि तसाच हारही आहे. फोटो हा नेहमी कोणाचा तरी असतो. ‘रविवर्म्याची लक्ष्मी’ या प्रयोगातील षष्ठी कर्त्याची आहे. ‘लक्ष्मीचा फोटो’ म्हणताच कर्ता लोपतो आणि षष्ठी देवतेकडे जाते. ‘आमच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी’ येथे तर कागदाचाही उल्लेख उरत नाही. आवडती कलाकृती आपली होते, या विधानाचा व्याकरणिक पुरावा याहून वेगळा काय असणार?

आचारही याच दिशेने बोट दाखवितो. या छापील देवतांच्या कित्येक प्रतींना जरीचे वस्त्र, मणी व टिकल्या चिकटवून सजविलेले आढळते. दर्शकाच्या दृष्टीने चित्र छापखान्यात पूर्ण झालेले नव्हते. मूर्तीप्रमाणे त्याला नेसविणे बाकी होते. दुसरीकडे, दसऱ्यास मुलांच्या पाटीवर एकाच्या आकड्यांनी रेखलेली सरस्वतीही पुजली जातच राहिली. म्हणजे हुबेहूबपणा ही पूज्यतेची अट नव्हती. रविवर्म्याची देवता प्रिय झाली ती हुबेहूब असल्यामुळेच केवळ नव्हे, तर तिला घरात जागा देता आली म्हणूनही.

इ. स. १९०७ च्या सुमारास आनंद कुमारस्वामी व भगिनी निवेदिता यांनी या चित्रांवर कठोर टीका केली. त्यांतील नाटकीपणा व पाश्चात्त्य धाटणी भारतीय आदर्शांशी विसंगत आहे, असा तिचा रोख होता. कलादृष्ट्या ती टीका विचारार्ह आहे. परंतु टीकाकारांनी परीक्षण केले ते चित्राचे. घरात होती ती तसबीर. एकाच कागदाविषयीचे हे दोन भिन्न प्रश्न असून एकाचे उत्तर दुसऱ्यास लावता येत नाही.

येथे इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक गंभीर अडचण उभी राहते. काच फुटली, कागद विटला, तरी देवाची तसबीर रद्दीत घालीत नाहीत. ती पाण्यात विसर्जित करतात किंवा पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतात. चित्र जुने झाले म्हणजे संग्रहात जाते. तसबीर जुनी झाली म्हणजे तिला निरोप दिला जातो. परिणामी आज संग्रहालयांत दिसणाऱ्या स्वच्छ, अखंड प्रती बहुधा कमी हाताळलेल्या आहेत. ज्यांना रोज कुंकू लागले, ज्यांच्यावर समईची काजळी बसली, त्या सर्वांत प्रिय प्रती आपल्या प्रियतेमुळेच नाहीशा झाल्या. मळवलीच्या छापखान्यास इ. स. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत मुद्रणसाहित्याचीही मोठी हानी झाली. उरलेल्या प्रतींवरूनच लोकरुचीचा इतिहास लिहिला, तर ज्यांची रुची शोधावयाची तेच लोक त्यातून गळतील. अशा स्थितीत ‘तसबीर’ व ‘फोटो’ या शब्दांचे घरगुती प्रयोग, त्यांची क्रियापदे व त्यांच्या षष्ठी काळजीपूर्वक टिपून ठेवणे, हे भाषाभ्यासकाचे काम कलेतिहासाचेही साधन ठरते. कागद विसर्जित झाला. त्याच्याशी असलेले नाते बोलण्यात अद्याप शिल्लक आहे.