शर्लीची पॉपी

इंग्लंडात उन्हाळा लागला की गव्हाच्या शेतांतून लाल पॉपी माजते. बागवानाला ती मोहक वाटते, शेतकऱ्याला ती तण. माळव्यातील श्रोत्यांना पॉपी म्हणताच नीमच-मंदसौरकडील अफूचे मळे आठवतील. ही त्या झाडाची चुलतबहीण, परंतु हिच्यातून अफू निघत नाही.

लंडनच्या दक्षिणेस क्रॉयडनजवळ शर्ली नावाचे गाव होते. १८८० साली तेथे विल्यम विल्क्स हे धर्मोपदेशक होते. त्यांच्या बागेचा एक पडीक कोपरा शेतांना लागून होता. तेथे उगवलेल्या रानपॉपींत एकाच फुलाला पांढरी, अगदी बारीक किनार त्यांना दिसली. त्यांनी त्या फुलाला खूण केली आणि तेवढ्याचेच बी राखले. पुढच्या वर्षी सुमारे दोनशे रोपांपैकी अवघ्या चारपाचांची फुले किनारीची निघाली. यात नवल नाही. हे फूल स्वतःच्या परागावर बी धरत नाही. मधमाश्यांनी आणलेला पराग शेजारच्या साध्या लाल फुलांचाच असणार. विल्क्स यांनी त्या चारपाचांतील उत्तम निवडली, पुन्हा पेरली, पुन्हा निवडली. काही वर्षांत तांबडा रंग फिका पडत गुलाबी झाला आणि एक झाड तर शुभ्र फुलले. मग फुलाच्या गाभ्यातील काळा रंगही त्यांनी याच रीतीने घालविला. हे बी त्यांनी मागेल त्याला फुकट दिले. मला त्यांच्या कर्तबगारीत हे सर्वांत मोठे वाटते. १८८८ ते १९२० ते रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे चिटणीस होते. १९२३ मध्ये ते निवर्तले. त्या संस्थेच्या विस्ली येथील बागेत त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या लोखंडी दरवाजांवर पॉपीचीच फुले घडविलेली आहेत.

आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पावसाळी ओल ओसरल्यावर, हे बी जागच्या जागीच फेकून पेरावे. बी फार बारीक, म्हणून वाळूत मिसळावे व वर माती घालू नये. सोटमूळ दुखावले की रोप मरते. तेव्हा दाट उगवलेली रोपे दुसरीकडे लावण्याचा मोह टाळून, वीतभर अंतर ठेवून बाकीची उपटावीत. खत बेताचेच द्यावे.

शर्ली म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतून पुष्कळदा काळ्या गाभ्याची किंवा दुहेरी पाकळ्यांची फुले निघतात. विल्क्स यांच्या मते ती शर्ली नव्हेतच. पुढील वर्षासाठी बी राखावयाचे असेल, तर अशी झाडे पहिले फूल उमलताच, मधमाश्या येण्यापूर्वी, उपटून टाकावी लागतात.