आईंचे कान आणि आईंचा गुडघा

नकली बाळ्या घातल्या की कान चिघळायचे, हे आमच्या सासूबाईंचं लग्नापासूनचं दुखणं. रामाकोन्याच्या बाजारात त्यांनी कधी कानातलं घेतलं नाही. सोन्याच्या दोन कुड्या, तेवढ्याच. घड्याळाखालीही चट्टा उठायचा. दोष निकेलचा. घराघरांतल्या बायकांना हे ठाऊक असतं, पण ऑपरेशनच्या आधी ते कोणी विचारत नाही.

आईंचा उजवा गुडघा नागपुरात बदलला. आठ महिने झाले तरी तो सुजलेला आणि गरमच. संसर्गाच्या तपासण्या साफ. सामायिक खुर्चीवर बसून करायचं, त्याचं त्यांना अजून अवघड वाटतं. आत कोणता धातू बसवलाय म्हणून मी विचारलं, तर फाइलमध्ये खोक्यावरचं ते स्टिकरच नव्हतं. "तुम्हाला धातूशी काय करायचंय?" असं उत्तर मिळालं. मग मीच वाचायला बसले.

इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी खुब्याच्या वाटीला आधी टेफ्लॉन वापरलं होतं. ते झिजलं, आणि त्या कणांनी भोवतालचं मांस बिघडलं. तेव्हा या माणसाने टेफ्लॉन आणि नवं प्लास्टिक, दोन्ही स्वतःच्या मांडीत घालून पाहिलं! टेफ्लॉनला शरीर चिडलं. १९६२ पासून त्यांनी दुसरं प्लास्टिक, म्हणजे पॉलिएथिलीन वापरलं. स्वतःवर आधी सोसून पाहणारे असे किती?

पुढे धातूवर धातू घासणारे खुबे पुन्हा बाजारात आले. ते फार टिकतील, तरुण रुग्णांना बरे, असं सांगितलं गेलं. डीप्यू कंपनीचा एएसआर हा त्यातलाच. वाटी आणि गोळा दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमचे. घासून निघालेले बारीक कण मांसात मुरतात, कोबाल्ट रक्तात चढतो. काहींच्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्या धातूला शत्रू मानून सांध्याभोवती गोळा होतात. हे २००५ मध्ये विलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडलं होतं.

ऑस्ट्रेलियात सांधे बदललेल्यांची नोंदवही आहे. तिथे धोका दिसला आणि डिसेंबर २००९ मध्ये एएसआर मागे घेतला गेला. जगभरातून तो परत बोलावला ऑगस्ट २०१० मध्ये. तोवर सुमारे ९३,००० लोकांच्या अंगात तो बसला होता, आणि आपल्या देशात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदवला. केंद्राची समिती नेमली गेली २०१७ मध्ये. तिने किमान २० लाखांची भरपाई सुचवली. पण द्यायची कोणाला? हजारो रुग्णांचा पत्ताच लागेना, कारण नोंदी नव्हत्या.

हे मी आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तिकडं महिन्यांआधी समजलं होतं, मंग इकडं काऊन बसवत राह्यले?"

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

आईंचा गुडघा आणि तो खुबा एक नव्हे, हेही सांगायला हवं. गुडघ्यात धातू सहसा प्लास्टिकवर फिरतो. आणि कान चिघळणाऱ्या बहुतेक बायकांचे कोबाल्ट-क्रोमियमचे गुडघे बिनतक्रार चालतात. पाठीवर पट्ट्या चिकटवून करायची पॅच टेस्टही गुडघ्याचं भविष्य खात्रीने सांगत नाही. म्हणून सुजेचं पहिलं कारण संसर्ग, सैलपणा, मग सगळ्यात शेवटी धातू, असाच शोध घेतात. तो क्रम मला पटतो. न विचारणं पटत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्यांच्या किमती बांधल्या, तेव्हा साधा कोबाल्ट-क्रोमियमचा ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा ७६,६०० रुपये ठरला, वर कर. म्हणजे दुसरा पर्याय सरकारी कागदावरच होता.

आता डाव्या गुडघ्याची पाळी आहे. या वेळी दुसरे डॉक्टर. मी पहिल्याच भेटीत आईंचे कान दाखवले. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, लिहून घेतलं. आईंनीही एक अट घातली आहे: स्टिकर हातात पडल्याशिवाय दवाखान्यातून निघायचं नाही. ते ठेवायला कुड्यांच्या डबीत जागा त्यांनी आधीच करून ठेवली आहे.