हेलिकॉप्टरचे पाते आणि नव्या गाडीचे बॉनेट

१/ नवी गाडी दाराशी आली की हार घातला जातो, नारळ फुटतो, चाकांखाली लिंबे चिरडली जातात. आणि त्याच आठवड्यात एक खर्चिक प्रश्न घरात शिरतो. रंगावर संरक्षक फिल्म, म्हणजे पीपीएफ, किती लावायची? फक्त बंपरला, पुढच्या सगळ्या भागाला, की गाडी पूर्ण मढवायची? शेवटच्या पर्यायाचा खर्च लाखाच्या घरात किंवा त्याच्याही पुढे जातो. हा प्रश्न मोटारीच्या आधी हेलिकॉप्टरच्या पात्यांबाबत, युद्धभूमीवर विचारला गेला होता. तेव्हा निघालेले उत्तर आज दुकानात सहसा ऐकू येत नाही. हा धागा त्या उत्तराचा. 🧵

२/ प्रारंभ रंगापासून करावा लागेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी घोडागाडीप्रमाणेच रंगवल्या जात: थरावर थर, हाताने, आणि प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहत. या कामात आठवडे जात. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळे. मग १९२३च्या सुमारास ड्यूपाँट आणि जनरल मोटर्स यांनी ‘ड्यूको’ हा झटपट वाळणारा रंग आणला आणि ‘ओकलंड’ मोटारी निळ्या रंगात बाजारात उतरल्या. मोटारीचा रंग ही मिरवण्याची गोष्ट झाली. आणि जे मिरवायचे, ते जपावेही लागते.

३/ पाठोपाठ दुरंगी मोटारींची टूम आली. दोन रंगांची सीमारेषा सरळ यावी म्हणून कारागीर कागद चिकटवत आणि तो काढताना ताजा रंगही उखडून येई. मिनेसोटातील थ्री-एम ही कंपनी तेव्हा मुख्यतः सँडपेपर बनवत असे. तिचा तरुण कर्मचारी रिचर्ड ड्रू सेंट पॉल शहरातील रंगशाळेत सँडपेपरची चाचणी घ्यायला गेला असता त्याने कारागिरांचा हा वैताग पाहिला. १९२५ मध्ये त्याने मास्किंग टेप तयार केली. रंग घासण्याचा कागद विकणाऱ्या कंपनीने रंग वाचवणारी पट्टी शोधावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. घट्ट बसेल, पण निघताना रंग नेणार नाही असा चिकटा: पीपीएफचे निम्मे तंत्र इथेच सापडते.

४/ उरलेले निम्मे जर्मनीतले. १९३७ मध्ये लेव्हरकुसेन येथे ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनची रसायनविद्या उभी केली. (आडनावावरून अनेकांचा समज होतो, पण बायर कंपनीच्या संस्थापकाशी त्याचे नाते नव्हते.) या पदार्थाचा एक गुण पुढे निर्णायक ठरला. त्याची लवचीक फिल्म आघात झाला की दबते, ऊर्जा पसरवते आणि पुन्हा मूळ आकार घेते. काचेसारखा कडक थर खड्याने टवका सोडतो. ही फिल्म खडा परतवून लावते.

५/ आता व्हिएतनाम. अमेरिकी सैन्याचे ‘ह्युई’ हेलिकॉप्टर तिथे धावपट्टीवर कमी आणि मोकळ्या मातीवर अधिक उतरत होते. उतरताना खालच्या वाऱ्याने लाल धुळीचे लोट उठत आणि त्याच लोटांतून पाती फिरत. या पात्यांच्या चक्राचा व्यास सुमारे ४८ फूट, फेरे मिनिटाला तीनशेहून अधिक. म्हणजे टोकाचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या वर. त्या वेगाला वाळूचा कण कानशीसारखा लागतो. वजन वाढवणार नाही आणि सहज बदलता येईल असे कवच लष्कराला हवे होते. थ्री-एमने पॉलियुरेथेनची चिकटपट्टी पुढे केली.

६/ कळीचा मुद्दा पुढेच आहे. ही पट्टी संपूर्ण पात्याला गुंडाळली गेली नाही. ती लागली हवेला प्रथम भिडणाऱ्या पुढच्या धारेवर. कारण साध्या गणिताचे आहे. पात्याच्या मध्यावरचा वेग टोकाच्या निम्मा असतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून मध्यावर ती केवळ चतुर्थांश उरते. पात्याच्या मागच्या कडेला तर कण फारसा थेट येऊन भिडतच नाही. प्रत्येक ग्रॅम मोलाचा असलेल्या यंत्रावर ‘असू द्या सगळीकडे’ म्हणायची सोय नव्हती. किती लावायची हे तिथे ठरवले आघाताच्या दिशेने आणि वेगाने.

७/ थोडे विषयांतर, पण सोडवत नाही असे. वाळूपुढे पॉलियुरेथेन टिकते, मात्र जोराच्या पावसात ते लवकर खचते. निकेल-टायटॅनियमसारख्या धातूंची गत नेमकी उलटी. धातूची धार वाळूत झिजताना तिचे सूक्ष्म कण हवेत पेट घेतात आणि रात्री पात्यांभोवती सोनेरी वलय दिसते. २००९ मध्ये अफगाणिस्तानात हे वलय टिपणाऱ्या छायाचित्रकार-पत्रकार मायकेल यॉन यांनी त्याला त्याच वर्षी युद्धात मरण पावलेल्या दोन सैनिकांचे, अमेरिकी बेंजामिन कॉप आणि ब्रिटिश जोसेफ एचेल्स यांचे नाव दिले. ते सुंदर दृश्य म्हणजे झिजणाऱ्या पात्याची राख होय.

८/ लष्कराकडून ही फिल्म शर्यतीच्या मोटारींकडे आली. तिथेही ती पुढच्या भागावरच बसली. सामान्य मालकांपाशी त्या काळी दुसरा उपाय होता: मोटारीच्या नाकावर ताणून बसवायचा काळा रेक्झिनचा मुखवटा. अमेरिकेत १९८०च्या दशकात त्याची विशेष चलती होती. त्याच्याखाली धूळ आणि ओल अडके, वाऱ्याने तो थरथरे, आणि ज्या रंगाच्या रक्षणासाठी तो बांधला तोच रंग घासून निघे. पॉर्शेने १९७५च्या ९११ टर्बोवर अधिक शहाणपणा दाखवला. पुढच्या चाकांनी उडवलेले खडे जिथे आदळत, त्या फुगीर मागच्या मडगार्डाच्या पुढच्या कडेलाच संरक्षक तुकडा लावला. पात्याच्या धारेचाच हा विचार.

९/ मग संपूर्ण गाडी मढवण्याची कल्पना कुठून आली? आरंभीच्या फिल्म उन्हाने पिवळ्या पडत. बंपर पिवळट आणि बॉनेट पांढरे अशी गाडी कोणाला रुचणार? अतिनील किरणांना न जुमानणारी पॉलियुरेथेनची जात वापरात आली, संगणकावर आराखडा काढून यंत्राने फिल्म कापली जाऊ लागली आणि पुढे ऊन वा गरम पाणी लागताच बारीक चरे भरून काढणारा वरचा थर आला. पूर्ण आवरण आता शक्य झाले. जे शक्य झाले ते आवश्यक म्हणून विकले जाऊ लागले, आणि आघाताची दिशा विचारात घेणारा मूळ हिशोब मागे पडला.

१०/ आकडेही पाहावेत. आजच्या मोटारीवरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. त्यातील वरचा पारदर्शक क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. पीपीएफ एकटीच सुमारे २०० मायक्रॉनची. म्हणजे राखणदार धन्यापेक्षा जाडजूड! तरी शेजारच्या गाडीचे दार आदळून पत्रा दबला तर ती काही करू शकत नाही. तिचे काम खडे, चरे, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा चीक यांच्यापुरते.

११/ हाच हिशोब महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर मांडता येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला लागणारा खडा, शहरात ४०ने जाणाऱ्या गाडीला लागणाऱ्या तेवढ्याच खड्यापेक्षा सव्वासहा पट ऊर्जेने आदळतो. दर आठवड्याला द्रुतगती मार्ग गाठणाऱ्याने बंपर, पूर्ण बॉनेट, पुढची मडगार्डे, आरशांची पाठ आणि दारांखालची पट्टी झाकावी. बॉनेटवर फक्त पुढची वीतभर पट्टी लावली तर तिच्या कडेशी धूळ साचून रेघ उमटते. तिथे काटकसर नको. घर-कचेरी इतकाच फेरा असलेल्याला बंपर आणि दारांच्या मुठींमागचे खळगे पुरतात, कारण तिथे नखांचे आणि अंगठ्यांचे चरे पडतात.

१२/ एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. गडद रंगाची गाडी रोज पहाटे कोरड्या, धुळीने भरलेल्या फडक्याने पुसली जात असेल, तर आघात समोरून येत नाही. तो छतावर, डिकीवर, सगळीकडून येतो. इथे पूर्ण आवरणाला खरा आधार आहे. अर्थात बादलीभर पाणी आणि स्वच्छ फडके हा उपाय त्याहून कितीतरी स्वस्त पडतो. (सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या निकालाशी याची गल्लत करू नये. तो निकाल काचांवरील फिल्मबाबत होता, रंगावरील नव्हे.)

१३/ पात्यावरची पट्टी कायमची मानली जात नव्हती. झिजली, कड उचलली गेली की ती सोलून नवी लावत; खालचे पाते शाबूत राही. मोटारीवरही तेच घडते. काही वर्षांनी बॉनेटवरची फिल्म खड्यांनी टोचलेली दिसते, तेव्हा गरम हवेने ती सोडवून फक्त तेवढ्याच भागावर नवी बसवता येते. मागच्या दारांवरची फिल्म बहुधा तेव्हाही जवळपास कोरी असते.