लॉन, हरळी आणि टँकर

मंडळी, आपल्याकडे 'लॉन' म्हटलं की लग्नाची जागा आठवते. आज मात्र खऱ्या लॉनबद्दल लिहितोय. परवा आसनगाव स्टेशनवरून घरी येताना एका बंगल्याच्या फाटकात टँकर दिसला. पाइप थेट हिरवळीवर. दुपारचा दीड वाजलेला!

२०१६ चा एप्रिल आठवला. १२ तारखेला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवा. 'लोकसत्ता मूव्हमेंट' या संस्थेची याचिका होती. मैदानांना सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, हा आकडा तेव्हा सगळीकडे फिरत होता. सांडपाणी शुद्ध करून वापरतो, असं क्रिकेटवाले म्हणाले, पण कोर्टाने ऐकलं नाही. मुंबईची फायनल बंगळुरूला गेली. त्याने लातूरला थेंबभरही पाणी मिळालं नाही, हे टीकाकारांचं म्हणणं खरंच होतं. पण दुष्काळात गवताला किती पाणी द्यायचं, हा प्रश्न खाजगी नाही, हे त्या दिवशी ठरलं असं मला वाटतं.

आता आपल्या तालुक्याचं बघा. तानसा धरण १८९२ चं. त्यानंतर वैतरणा, भातसा. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं. आणि त्याच शहापुरात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर लागतात. हे दरवर्षी लिहून माझा हात दुखला, तुमचे डोळेही दुखले असतील.

साधा हिशोब करू. कडक उन्हात लॉनला रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं, तर एका गुंठ्याला ५०० लिटर होतं. जलजीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटर. म्हणजे गुंठाभर गवत रोज नऊ माणसांचं पाणी पितं. दुपारी मारलं तर त्यातलं बरंचसं उडूनच जातं.

आपल्या बापजाद्यांनी हा खटाटोप केला नाही. अंगण शेणाने सारवायचे, माळावरचं गवत दिवाळीनंतर कापून गंजी रचायचे. उन्हाळ्यात माहुलीचा डोंगरसुद्धा पिवळाच असतो की! आणि हरळी? ती उपटता उपटता शेतकऱ्याचा जन्म जातो. वरून वाळते, पण मुळं आणि कांड्या जमिनीत जिवंत राहतात, मिरगाच्या पहिल्या सरीला पुन्हा हिरवी. मोठमोठ्या मैदानांवर लावतात तीही बहुतेक हिचीच जात.

माझ्याकडे चार कलमं, एक जास्वंद, कढीपत्ता. बुंध्याशी भाताचा पेंढा पसरतो आणि संध्याकाळी भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी घालतो. एवढ्यावर जगतात.

त्या बंगल्यावरच्या माळीदादाला म्हटलं, अहो, दोन महिने पिवळं राहू द्या, मरत नाही ते.

तो म्हणाला, "मला ठाऊक आहे काका. आमच्या पाड्यावर पण टँकरच येतो. पण शेठ शनिवारी येतात ना, त्यांना हिरवं दिसायला लागतं."