एक लाख एकतीस हजार परीक्षक

13 जुलै 1997 या दिवशी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर 1,31,781 प्रेक्षक होते. सामना होता फेडरेशन कपाच्या उपांत्य फेरीचा, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. भारतात कुठल्याही खेळाच्या एका सामन्याला इतकी माणसं जमल्याची दुसरी नोंद माझ्या वाचनात नाही. बरं, तो अंतिम सामनाही नव्हता. मग इतके लोक कशासाठी आले होते? या प्रश्नापाशी मी बराच काळ घुटमळलो आहे. माझं उत्तर असं, की ते एका प्रशिक्षकाची परीक्षा घ्यायला आले होते. निम्मे त्याला पास करायला, निम्मे नापास करायला.

त्या प्रशिक्षकाचं नाव अमल दत्त. वय साठीच्या पुढे. मोहन बागानने त्या हंगामासाठी त्यांना परत बोलावलं होतं.

नवा प्रशिक्षक आला की फुटबॉलचा चाहता नेमकं काय तोलतो? युरोपातला चाहता आधीच्या क्लबचा निकालपट पाहतो, करार किती वर्षांचा ते पाहतो. कोलकात्याच्या मैदानावरचा तराजू वेगळा होता. तिथे हिरव्या-मरून आणि लाल-सोनेरी या दोन रंगांत घरंच्या घरं वाटलेली. एकाकडे कोळंबी, दुसऱ्याकडे हिल्सा. 1889 सालचा मोहन बागान पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांचा, 1920 सालचा ईस्ट बंगाल पूर्वेकडून आलेल्यांचा, अशी ती ढोबळ विभागणी. अशा गावात प्रशिक्षकाला पहिला प्रश्न विचारला जाई तो म्हणजे, हा माणूस काल कुठल्या तंबूत होता?

पी. के. बॅनर्जींचं उदाहरण घ्या. 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार आणि 1962च्या आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघाचे खेळाडू असलेले पीके 1972मध्ये ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. 30 सप्टेंबर 1975 रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने मोहन बागानला 5-0 असं धुतलं. त्या रात्री संतापलेल्या समर्थकांच्या भीतीने मोहन बागानच्या काही खेळाडूंनी गंगेत नावेवर आसरा घेतला, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. एका समर्थकाने तर आपला जीव दिला. आणि पुढच्याच वर्षी मोहन बागानने प्रशिक्षक म्हणून कोणाला आणलं? याच पीकेंना!

ज्याने घरात सुतक आणलं त्यालाच जावई करून घेण्यासारखा हा प्रकार. तरीही तो पचला, आणि पचायला कारण झाला एक गोल. 1976च्या लीगमध्ये ईस्ट बंगालविरुद्ध मोहम्मद अकबरने सामना सुरू झाल्यावर 17व्या सेकंदाला गोल केला. मोहन बागान 1-0 जिंकला, आणि सलग सहा वर्षं ईस्ट बंगालकडे असलेली लीगही त्याच्याकडे आली. 1977मध्ये शील्ड, ड्युरँड आणि मुंबईचा रोव्हर्स कप असे तीन चषक एका वर्षात आले. पेलेच्या कॉसमॉसशी ईडन गार्डन्सवर 2-2 बरोबरी झाली तीही त्याच वर्षी. काल कुठल्या तंबूत होता, हे मग कोणी विचारेना.

पीकेंची ताकद बोलण्यात होती. सामन्याआधी खेळाडूंना पेटवणारं त्यांचं भाषण बंगालमध्ये ‘व्होकल टॉनिक’ या नावाने प्रसिद्ध झालं. अमल दत्तांचा पिंड अगदी निराळा, फळा आणि खडू हाती घेणाऱ्या मास्तरांचा. स्वतः आंतरराष्ट्रीय खेळाडू. प्रशिक्षणाचा अभ्यास इंग्लंडला जाऊन केलेला. आणि प्रशिक्षकाचं काम पूर्णवेळ पेशा म्हणून पत्करणारे देशातले अगदी पहिल्या फळीतले. 1969मध्ये त्यांच्या मोहन बागानने शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालला 3-1 हरवलं होतं. बचावफळीतल्या भवानी रायला उजव्या कडेने थेट पुढे धाडणं ही त्या हंगामातली त्यांची करामत. बचावपटूने आपली जागा सोडून चढाईत सामील व्हायचं, हे तेव्हा आपल्याकडे नवलाचं होतं.

म्हणजे 1997मध्ये चाहत्यांच्या तराजूत टाकायला दत्तांकडे वजन होतं, फक्त ते 28 वर्षं जुनं होतं. त्यात त्यांनी नवं वजन टाकलं: ‘डायमंड’. मधल्या फळीची हिऱ्याच्या आकाराची मांडणी आणि सगळा भर चढाईवर. उपांत्यपूर्व फेरीत या हिऱ्याने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला 6-0 असं कापून काढलं आणि कोलकाता वेडं झालं. चहाच्या टपरीवर रचनेची आकृती काढून वाद घालणं ही तिथल्या माणसाची जुनी हौस. आता तिला विषयही मिळाला. एका प्रशिक्षकाच्या कल्पनेला स्वतःचं नाव असणं, आणि ते नाव खेळाडूंच्या नावांपेक्षा मोठं होणं, भारतीय फुटबॉलमध्ये असं क्वचितच घडलं असेल.

समोर ईस्ट बंगालच्या बाकावर होते पीकेच. सामन्याआधी दत्तांची जीभ सैल सुटली. बायचुंग भूतियाला ते ‘चुंग चुंग’ म्हणाले, केनियाच्या सॅमी ओमोलोला ‘ऑम्लेट’, सोसोला ‘शशा’, म्हणजे बंगालीत काकडी. वर्तमानपत्रांनी हे सगळं चवीने छापलं. मला यात निव्वळ उर्मटपणा दिसत नाही. मास्तर होते तरी मैदानाला तमाशा लागतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्या 1,31,781मधले कित्येक त्या जिभेनेच खेचून आणले होते. मात्र एक झालं, पीकेंना त्या दिवशी वेगळं टॉनिक घोटावं लागलं नसेल. बाटली समोरूनच भरून आली होती.

निकाल 4-1. ईस्ट बंगालचा. मोहन बागानचा एकुलता गोल चिमा ओकोरीचा. आणि ‘चुंग चुंग’ने, वयाच्या विसाव्या वर्षी, हॅट्ट्रिक केली.

परीक्षा संपली, निकालही लागला, आणि तो आजतागायत बदललेला नाही: हिरा फुटला. मला हा निकाल पटत नाही. 6-0 आणि 4-1 हे दोन्ही एकाच रचनेचे आकडे आहेत. पुढे धावणाऱ्या संघाच्या पाठीमागे मोकळी जागा उरते. चर्चिलला ती वापरता आली नाही, बायचुंगला आली. यात रचनेचा दोष किती आणि त्या मुलाचा वेग किती? हा प्रश्न एका सामन्याने सुटत नाही. पण कोलकात्याच्या चाहत्याला दुसरा सामना लागत नाही. पीकेंना 1976मध्ये ज्या तराजूने तारलं त्यानेच दत्तांना बुडवलं. तराजू एकच होता, एवढ्यापुरता तो न्यायी म्हणता येईल. गंमत म्हणजे त्याच 1997-98च्या हंगामात राष्ट्रीय लीग मोहन बागाननेच जिंकली. तेव्हा सूत्रं मात्र केरळच्या टी. के. चाथुन्नींकडे होती.

आणि तो फेडरेशन कप? तो ईस्ट बंगालला मिळालाच नाही. अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकर संघाने त्यांना 2-1 असं हरवलं. वास्कोच्या या क्लबने पुढे 1998-99ची राष्ट्रीय लीगही जिंकली. 1997चा चषक कोणी जिंकला हे कोलकात्यात विचारून पाहा. बायचुंगच्या तीन गोलांची हकिगत ऐकायला मिळेल.

अमल दत्त 10 जुलै 2016 रोजी गेले. त्या सामन्याला 19 वर्षं पुरी व्हायला तीन दिवस बाकी होते. त्यांच्यावरच्या मृत्युलेखांत 1969चा उल्लेख कुठेकुठे आला. डायमंडचा मात्र चुकला नाही.