वेखंड : अपस्मारातील वापर

पाणथळ जागी वाढणाऱ्या वेखंडाचे (संस्कृत : वचा, शास्त्रीय नाव : अकोरस कॅलॅमस) आडवे पसरणारे मूळखोड अपस्मारावर, म्हणजे मिरगी किंवा फेफऱ्यावर, शतकानुशतके दिले गेले. ते बोटाएवढे जाड, पेरेदार, बाहेरून तपकिरी व आतून फिकट असते; वास उग्र, चव कडवट-तिखट.

चरकसंहितेत हरपलेली शुद्ध आणणाऱ्या ‘संज्ञास्थापन’ द्रव्यांमध्ये वेखंड हिंगाच्या पंक्तीला बसते. तिच्या चिकित्सास्थानाच्या दहाव्या अध्यायात बारा दिवसांनी, पंधरवड्याने किंवा महिन्याने येणाऱ्या झटक्यांचा उल्लेख आहे. उपचाराची सुरुवात मात्र वमन (उलटी), विरेचन (जुलाब) व बस्ती (एनिमा) यांनी होते. मग ब्राह्मीच्या रसात वेखंड, उपलेट व शंखपुष्पी घालून सिद्ध केलेले जुने तूप. हाच योग वाग्भटाच्या अष्टांगहृदयात उत्तरस्थानाच्या सातव्या अध्यायात आला आहे. केवळ वेखंडावर भिस्त ठेवणारा योग अकराव्या शतकातल्या ‘चक्रदत्त’ या ग्रंथात सापडतो : चूर्ण मधातून चाटायचे, जेवण फक्त दूधभाताचे. या पथ्याचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे वेगळे काढणे अवघडच.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या देवगिरीला (दौलताबाद) या परंपरेत मानाचे स्थान आहे. यादव राजे महादेव व रामचंद्र यांचा श्रीकरणाधिप (दप्तराचा प्रमुख) हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. ती आज अखंड मिळत नाही. सूत्रस्थानावरचा भाग मिळतो. त्या स्थानात वचादी गण (वेखंडापासून सुरू होणारा औषधींचा गट) आहे खरा, पण तो आमातिसार व कफाच्या तक्रारींसाठी. हेमाडपंताच्या नावावर मिरगीचा खास काढा खपवणाऱ्यांनी हे पाहावे.

मराठी घरांत वेखंड बाळगुटीतून सहाणेवर उगाळले जाते. झटका आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची रीत तीक्ष्ण नस्याच्या (नाकातून द्यायच्या औषधाच्या) कल्पनेजवळची वाटते; तिने झटका थांबत नाही. रोग्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये.

वेखंडाच्या तेलातील असारोन या रसायनांचा शामक व आकडीरोधक परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांत दिसला आहे, मात्र फेनोबार्बिटालसारख्या (1912 पासून वापरात) औषधांची जागा वेखंडाने घेतलेली नाही. बीटा-असारोनाने उंदरांत गाठी झाल्याचे आढळल्यावर अमेरिकेने 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. भारतीय वेखंडात हे द्रव्य भरपूर असते. उत्तर अमेरिकेतल्या प्रकारात ते जवळजवळ नसतेच.